पुन्हा न येणारे गिऱ्हाईक

परदेशी सुट्टीवर निघालेला माणूस विमानाचे तिकीट, हॉटेलातील खोली आणि पाहण्याची ठिकाणे यांची चौकशी महिनोन्‌महिने करतो. जेवणाची मात्र करीत नाही. जेवण काय, कोठेही मिळेल, अशी त्याची समजूत असते. ते कोठेही मिळते हे खरेच आहे. पहिल्या संध्याकाळी समुद्राकाठच्या एखाद्या उपाहारगृहाबाहेर पदार्थांच्या रंगीत छायाचित्रांचा फलक दिसतो, दारातला माणूस पाच भाषांत स्वागत करतो, समोर सूर्यास्त होत असतो. मग पिवळाधमक भात येतो, त्यावर चार कोलंब्या येतात आणि शेवटी बिल येते. भात गोठवलेल्या पाकिटातला होता हे खाताना कळते आणि तो किती महाग होता हे नंतर दोन गल्ल्या आत फिरताना कळते. भूमध्य समुद्रातील बेटांवर, त्यातही स्पेनच्या मायोर्का बेटावर, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याला दुर्दैव म्हणता येणार नाही. त्यामागे एक अर्थव्यवस्था आहे. ती समजून घेतली, तर जेवावे कोठे या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी हाती येते. आणि त्याबरोबर एक अधिक अडचणीचा प्रश्नही पुढे येतो.

मायोर्काचे क्षेत्रफळ सुमारे ३,६४० चौरस किलोमीटर आणि वस्ती नऊ लाखांहून अधिक. ज्या बालेआरिक द्वीपसमूहातील हे सर्वांत मोठे बेट, त्या द्वीपसमूहाची एकूण वस्ती बारा लाखांच्या आसपास आहे. २०२४ साली तेथे सुमारे १ कोटी ८७ लाख पर्यटक येऊन गेले. म्हणजे दर रहिवाशामागे पंधरा पाहुणे! शिवाय हे पाहुणे बारा महिन्यांत सारखे वाटून येत नाहीत; मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांत त्यांची रीघ लागते आणि हिवाळ्यात किनाऱ्यावरील निम्मीअधिक दारे बंद असतात.

खाणावळीचे गिऱ्हाईक दोन प्रकारचे असते. एक उद्या पुन्हा येणारे आणि दुसरे पुन्हा कधीच न येणारे. आपल्याकडे एस. टी. ज्या हॉटेलापाशी वीस मिनिटे थांबते तेथील वड्याची चव आणि महिन्याचे सभासद जेवणाऱ्या खानावळीतील आमटीची चव, यांतला फरक आचाऱ्याच्या हाताचा नसतो. खानावळवाल्याला उद्या त्याच तोंडांना उत्तर द्यावयाचे असते, एस. टी.च्या थांब्यावर उद्याची तोंडे वेगळी असतात. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, जेथे मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक असतो पण ग्राहकाला नसतो, तेथे चांगला माल हळूहळू बाजाराबाहेर ढकलला जातो. चांगला माल देणाऱ्याला त्याची किंमत मिळत नाही, मग तो तरी चांगला कशाला देईल? पुढे १९७७ साली स्टीव्हन सॅलॉप आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी माहीतगार व अनभिज्ञ अशा दोन प्रकारच्या ग्राहकांचा बाजार मांडला. त्यातून निघणारी एक गोष्ट प्रवाशाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे: माहीतगार ग्राहक पुरेसे असतील, तर त्यांच्या आधाराने अनभिज्ञही वाजवी दरात सुटतो. शेजारच्या टेबलावर गावचा गवंडी, टपालखात्यातला कारकून किंवा शाळामास्तरीण बसलेली असेल, तर पाहुण्याच्या ताटाची राखण त्या करीत असतात, त्यांना त्याची जाणीवही नसते.

मोबाईलवरील तारका आणि अभिप्राय यांनी हा प्रश्न सुटला, असे काहींना वाटते. काही अंशी तो सुटला आहे. परंतु ज्याने त्या बेटावर एकदाच आणि तेही सूर्यास्ताच्या वेळी भात खाल्ला, त्याच्या पाच तारकांत सूर्यास्ताच्या किती आणि भाताच्या किती हे कोण सांगणार? अनभिज्ञाने अनभिज्ञाला दिलेली शिफारस संख्येने वाढली म्हणून ती माहिती होत नाही.

किनाऱ्यावरील जेवण महाग का, याचे उत्तर तेथील मालक देतो ते असे, की जागेचे भाडे परवडत नाही. हे कारण उलटे आहे. रिकार्डोने धान्याबाबत दोनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले की खंड जास्त म्हणून धान्य महाग नसते. धान्य महाग विकले जाते म्हणून खंड जास्त मिळतो. समुद्रकाठच्या फरसबंदीवर मांडलेल्या टेबलाचेही तसेच आहे. तेथे वाटेल त्या भावाने भात खपतो, म्हणून त्या जागेचे भाडे चढते. चढलेले भाडे जागेच्या मालकाच्या खिशात जाते. आचाऱ्याला, वाढप्याला वा कोळ्याला त्यातून काही मिळत नाही. समुद्राचे दर्शन हाच तेथला मुख्य पदार्थ आहे, भात हे तोंडीलावणे. हे ओळखून तेथे कॉफीचा एक पेला घ्यावा आणि जेवायला दुसरीकडे जावे, हे शहाणपणाचे.

तथापि किनाऱ्यावरच्या या उपाहारगृहांवर सगळा राग काढणे न्याय्य होणार नाही. त्यांना खरा शह दिला आहे तो हॉटेलातील ‘सर्वसमावेशक’ योजनेने. म्हणजे सुट्टीचे पैसे भरतानाच तिन्ही वेळचे खाणे व पिणे त्यात धरण्याच्या पद्धतीने. या पद्धतीचे मूळ मोठे मजेदार आहे. व्लादिमिर रायट्झ या गृहस्थाने १९५० साली ब्रिटनमधून भाड्याच्या विमानाने पहिली सहल नेली ती भूमध्य समुद्रातीलच कोर्सिका बेटावर. साडेबत्तीस पौंडांत विमानप्रवास, तंबूतला मुक्काम आणि जेवण. त्या काळी ब्रिटनमध्ये मांसाचे रेशनिंग चालू होते, ते १९५४ पर्यंत उठले नाही. अशा काळात भरपूर मांस व वाइन असलेले जेवण हे त्या सहलीचे केवढे आकर्षण ठरले असेल! दोनच वर्षांत त्याची विमाने मायोर्काला जाऊ लागली. अशा रीतीने युरोपातील सामान्य पगारदाराची सुट्टी जन्माला आली ती पोटाच्या वाटेनेच.

म्हणूनच मागालुफच्या हॉटेलात पंधरा दिवस बटाट्याच्या तळलेल्या काड्या खाणाऱ्या इंग्रज कुटुंबाला हसणे हा एक प्रकारचा दिखाऊपणा आहे. वर्षातून एकदा दोन आठवडे मिळणाऱ्या कामगाराला चवीपेक्षा खात्री हवी असते. तीन मुले, परका देश, अनोळखी भाषा आणि मोजके पैसे अशा स्थितीत, रोज संध्याकाळी बिल किती येईल ही धाकधूक नसणे याला मोल आहे. परंतु एकदा पैसे भरले की हॉटेलातील पुढचे प्रत्येक जेवण फुकट आणि बाहेरचे प्रत्येक जेवण दुप्पट खर्चाचे भासू लागते. मग ते कुटुंब बाहेर पडतच नाही. त्याचे बहुतेक पैसे मायदेशातच सहल कंपनीला पोचलेले असतात. बेटाच्या वाट्याला हॉटेलचा घासाघीस करून ठरलेला दर, खोल्या आवरणाऱ्या बायकांचा पगार आणि कचरा एवढेच येते. या विरोधाभासाचे एक बोलके उदाहरण बेटाच्या उत्तर भागातील सा पोब्ला या गावाचे आहे. तेथील बटाटा नावाजलेला असून तो ब्रिटनला निर्यात होतो. बटाटा तिकडे जातो, बटाटा खाणारा इकडे येतो आणि दोघांची भेट होत नाही.

आता जेवावे कोठे? याचे पहिले उत्तर, दुपारी. स्पेनमध्ये मुख्य जेवण दुपारी दीड ते साडेतीनच्या दरम्यान होते आणि त्या वेळी कामकरी माणसांसाठी ‘मेनू देल दिया’, म्हणजे दिवसाचे ठरलेले जेवण, मिळते. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, फळ किंवा गोड, सोबत पाव आणि पुष्कळदा वाइन किंवा पाणी; सर्व मिळून साधारणतः पंधरा ते वीस युरो. फलक खडूने लिहिलेला, बहुधा स्पॅनिश वा काटालान भाषेत, आणि सोमवार ते शुक्रवारच. ही आपली खानावळच म्हणायची. रात्री त्याच ठिकाणी तेच पदार्थ सुटे मागवले तर दुप्पट पैसे पडावेत. सायंकाळी साडेसहाला जेवायला बसणारा पर्यटक अशा वेळी बसतो की ज्या वेळी गावचे कोणीही जेवत नाही. म्हणजे माहीतगारांचा सगळा पहारा उठलेला असताना तो बाजारात शिरतो.

या दिवसाच्या जेवणाचा इतिहास धोरणकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. त्याची सुरुवात १९६४-६५ च्या सुमारास झाली, ती फ्रँको राजवटीतील माहिती व पर्यटन मंत्री मानुएल फ्रागा यांच्या खात्याच्या आज्ञेने. परदेशी पाहुण्याला ठरलेल्या किमतीत पूर्ण जेवण मिळावे म्हणून उपाहारगृहांवर ‘पर्यटक थाळी’ची सक्ती करण्यात आली. हुकूमशाही सरकारने पाहुण्यासाठी काढलेली ती थाळी पाहुण्यांनी फारशी उचलली नाही. उचलली ती गवंड्यांनी, कारकुनांनी आणि लॉरीवाल्यांनी. शहरे वाढत होती, दुपारी घरी जाऊन जेवणे अवघड होत होते. सरकारी दर पुढे गेले, सक्तीही उरली नाही, पण प्रथा रुजली. किंमतनियंत्रणाच्या विरुद्ध आणि बाजूने बोलणाऱ्या दोघांचीही पंचाईत करणारे असे उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसरे उत्तर, समुद्राकडे पाठ करून. पाल्माहून आगगाडीने इंका या गावी जावे. हा लोहमार्ग १८७५ पासूनचा आहे आणि अंतर तीसेक किलोमीटर. चामड्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात ‘सेयेर’ नावाने ओळखली जाणारी जुनी भोजनगृहे आहेत. सेयेर म्हणजे मुळात द्राक्षमद्याचे तळघर. जमिनीच्या पातळीखालचे थंड दालन, भिंतीलगत माणसाहून उंच लाकडी पिंपे आणि त्यांच्यामध्ये टेबले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नामक किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा मायोर्काच्या वाइनला अचानक मागणी आली आणि बेटावर मळेच मळे झाले. १८९१ साली तीच कीड मायोर्कात उतरली. मळे गेले, त्यांच्या जागी बदामाची झाडे आली. पिंपे तेवढी उरली आणि तळघरांची भोजनगृहे झाली. तेथे भाजलेले डुकराचे पिल्लू, काळीज व बटाटे तळून केलेले ‘फ्रित’, केपरच्या कळ्या घातलेली जीभ असे दणदणीत पदार्थ मिळतात. ‘सोपेस’ नावाचा पदार्थ मागवणाऱ्याला मात्र सूप मिळत नाही. शिळ्या पावाचे पातळ काप कोबीच्या व भाज्यांच्या रसात भिजवून तो सगळा रस पावाने पिऊन टाकल्यावर जे उरते, ते सोपेस. फोडणीची पोळी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना शेतकऱ्याच्या घरातील ही काटकसर परकी वाटणार नाही. इंकाचा बाजार गुरुवारी भरतो आणि जवळच्या सिनेऊ गावचा बुधवारी. सिनेऊच्या बाजाराला चौदाव्या शतकाच्या आरंभापासूनची राजसनद आहे. बाजाराच्या दिवशी पर्यटकांच्या मोटारगाड्या तेथेही पोचतात, पण शेतकरीही असतो.

पाल्मा शहरात मंडईच्या आसपास जेवावे. ओलिवार मंडईत मासळी विकत घेणाऱ्या गृहिणी आणि उभ्याउभ्या खाणारे हमाल यांच्यामुळे दर ताळ्यावर राहतात. अनेक पदार्थांचे चमचाचमचाभर एकाच बशीत वाढलेले ‘वारियात’ ही पाल्माची खासियत. ‘कान जोआन दे साय्गो’ हे चॉकलेट व आइस्क्रीमचे दुकान १७०० पासूनचे असल्याचे सांगितले जाते. त्रामुंताना डोंगरातून बर्फ आणून विकण्यापासून त्याचा धंदा सुरू झाला आणि तेथील बदामाचे आइस्क्रीम आजही गावचे लोक रांग लावून खातात. उलट सांता कातालिना या जुन्या कोळीवाड्याची गत पाहावी. कधी काळी तेथे कोळी आणि कारागीर राहत. नंतर प्रवासवर्णनांनी व जाहिरातींनी त्याचे कौतुक केले, उत्तर युरोपातील धनिकांनी घरे घेतली, आणि आता तेथील जेवणाचे दर किनाऱ्याशी स्पर्धा करतात. ‘दोन गल्ल्या आत जा’ हा सल्ला सर्वांनी ऐकला की किनारा दोन गल्ल्या आत सरकतो.

शाकाहारी मराठी प्रवाशाची येथे उपासमार होईल असे नाही, पण सावध राहावे. वांगी, बटाटे व ढोबळ्या मिरच्या तळून, थर लावून वर टोमॅटोचा रस घातलेले ‘तुंबेत’ भरल्या वांग्याच्या चाहत्यांना आवडेल; कांदा, टोमॅटो व फिक्या हिरव्या मिरचीची ‘त्रांपो’ ही कोशिंबीर निर्धोक आहे. सर्वांत उत्तम ‘पा अंब ओली’: अळणी गावठी पावावर टोमॅटो चोळायचा आणि वर ऑलिव्हचे तेल. हा टोमॅटो माळेत गुंफून हिवाळाभर टांगून ठेवतात, आपल्याकडे कांद्यांच्या वा लसणीच्या माळा टांगतात तसा. मात्र सोबत काय येणार हे विचारून घ्यावे, कारण चीजच्या जागी हॅमही येतो. आणि ‘एन्साइमादा’ नावाची जी हलकी, गोल गुंडाळलेली मिठाई विमानतळावर अष्टकोनी खोक्यांतून शेकड्यांनी विकली जाते, तिच्या नावातील ‘साइम’ म्हणजे डुकराची चरबी, हे ती घरी वाटण्यापूर्वी माहीत असलेले बरे.

येथपर्यंतचा विचार प्रवाशाच्या हिताचा झाला. परंतु माहीतगार ग्राहक हाच जर चांगल्या जेवणाचा आधार असेल, तर तो ग्राहक तेथे राहिला पाहिजे. आणि तोच आता हलतो आहे. घरभाडी इतकी चढली आहेत की जेवण वाढणारा, खोली आवरणारी, शाळेत शिकविणारी माणसे त्या गावात राहू शकत नाहीत. हंगामी कामगार वाहनांत मुक्काम करतात अशी वृत्ते वारंवार येतात. २०२४ च्या जुलैमध्ये पाल्माच्या रस्त्यांवर हजारो रहिवासी उतरले, त्यांचा रोष पाहुण्यावर कमी आणि या प्रकारच्या पर्यटनावर अधिक होता. गवंडी गाव सोडून गेला की त्याच्यासाठी खडूने लिहिलेला फलक पुसला जातो. मग त्या जागी पाच भाषांतला छापील फलक लागतो. पर्यटकाचे ताट आणि रहिवाशाचे घर यांचा संबंध इतका सरळ आहे.

सरकार स्वस्थ बसले आहे असे नाही. मुक्कामावरील पर्यटन कर २००२ साली बसला, दुसऱ्याच वर्षी सत्तापालट होऊन गेला आणि २०१६ साली पुन्हा आला. २०२० च्या वटहुकुमाने मागालुफ, एल आरेनाल यांसारख्या भागांत मद्याच्या स्वस्त आमिषांवर बंदी आणि सर्वसमावेशक योजनेतील मद्यावर मर्यादा घातली. हे उपाय दंग्याधोप्याला आळा घालणारे आहेत. रोजच्या जेवणाची खाणावळ टिकवण्याचा विचार त्यांत नाही.

तो विचार करावयाचा तर एक साधी कसोटी उपलब्ध आहे. एखादे उपाहारगृह जानेवारीत उघडे असते काय? जानेवारीत किनारा ओस असतो. त्या महिन्यात ज्याची चूल पेटते ते रहिवाशांच्या जिवावर चालते आणि जे सहा महिने कुलूप लावते ते पुन्हा न येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या. ऑगस्टमध्ये तेथे गेलेल्या प्रवाशाने दारात उभ्या असलेल्या माणसाला खुशाल हा प्रश्न विचारावा. उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो यावरूनही पुष्कळ कळते. तीच कसोटी नगरपालिकेलाही वापरता येईल. फरसबंदीवर टेबले मांडण्याचा परवाना म्हणजे सार्वजनिक जागेचा वापर. तो देताना बारमाही उघडे राहणाऱ्याला आणि आठवड्याचे पाच दिवस ठरल्या दरात दुपारचे जेवण देणाऱ्याला अग्रक्रम द्यावा, उरलेल्यांकडून जागेचे पुरेपूर भाडे वसूल करावे. समुद्राच्या दर्शनाची जी किंमत आज जागेचा खासगी मालक घेतो, ती मग निदान काही प्रमाणात गावाच्या तिजोरीत येईल आणि कामगारांच्या घरांसाठी खर्च करता येईल. उपाहारगृहांच्या संघटना याला विरोध करतील, हिवाळ्यात पगार कोण देणार असे विचारतील, आणि त्यांचा प्रश्न गैरलागू नाही. १९६५ साली थाळीची सक्ती झाली तेव्हाही तोच प्रश्न विचारणे शक्य होते. फ्रागांच्या खात्याला तो ऐकून घ्यावा लागत नव्हता, पाल्माच्या निवडून आलेल्या नगरसेवकांना तो ऐकून घ्यावा लागेल.